मोटारी बदलाव्यात का?

येडशी, ८ डिसेंबर २०२४

गिरिजा, शरणू.

तू म्हणालीस, फोनवर तुम्ही 'बरंय' म्हणता आणि ठेवून देता, त्यापेक्षा लिहा. म्हणून लिहायला बसलोय. फोनवर माझं काही होत नाही हे खरं आहे. शिवप्रिया तो स्पीकरवर टाकते, मागं जावईबापू अमरनाथराव वावरत असतात, चिन्नू मधेच कानडीत काहीतरी ओरडतो. लेकीच्या घरात असलेल्या बायकोला सगळ्यांदेखत माणसानं काय विचारावं? जेवलीस का, एवढंच विचारता येतं.

तर अमरनाथरावांनी दिवाळीत दिलेला ड्रोन मला आता बऱ्यापैकी उडवता येतो. 'बाबांचं मन रमेल' म्हणून दिला त्यांनी. रमतं. सकाळी गच्चीवर जातो, वर सोडतो आणि मोबाईलवर आपलं घर बघतो. वरून आपलं घर लई बारीक दिसतं. स्टेशनच्या बाजूला नेत नाही, तिथं मनाई आहे. रामलिंगाकडंही नेत नाही, अभयारण्य आहे. सारी नोकरी सिग्नल पाळण्यात गेली, आता म्हातारपणी मोडायचा का?

अडचण वाऱ्याची आहे. ऊन तापलं की माळावरून वारा सुटतो आणि हा ड्रोन पतंगासारखा वाहवत जातो. मोटारी बारक्या, पंखे प्लास्टिकचे. मागच्या आठवड्यात शेजारच्या बंडप्पाच्या रानात मोनिका आली होती, तिला दाखवला. मोनिका म्हणजे तेरखेड्याची सून. बचत गटातून फवारणीचा मोठा ड्रोन चालवायला शिकली आणि आता आपल्या शिवारातली निम्मी रानं तीच फवारते. तिनं हातात घेऊन उलटापालटा केला आणि सांगितलं, "काका, वाऱ्यात टिकायचा असेल तर मोठे पंखे पाहिजेत. पण मोठे पंखे या मोटारींना ओढवणार नाहीत. बदलायचं तर दोन्ही बदला, नाहीतर आहे तसा राहू द्या."

तुला काय वाटतं? बदलू का? त्यातलं तुला कळतं म्हणून विचारत नाही. घरातलं काही बदलताना तुला विचारायची सवय आहे, म्हणून विचारतो.

येळवशीच्या अवसेला रान दाखवा म्हणालीस, ते ध्यानात आहे. कडब्याची कोपी, पाच दगडांचे पांडव, भज्जीचं पातेलं, सगळं दाखवतो. अंबील शिंपडताना म्हणायचे कानडी बोल तुझ्याशिवाय कुणाला नीट येत नाहीत. मागच्या दोन्ही वर्षी बंडप्पाच्या मल्लम्मानं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली.

थंडी पडलीय. तुझी निळी शाल इकडंच राहिलीय. मी वापरत नाही, पण बाहेर काढून ठेवलीय.

वीरभद्र

येडशी, २२ डिसेंबर २०२४

गिरिजा, शरणू.

आज रविवार म्हणून फोन केला तर तू नव्हतीस. शिवप्रिया म्हणाली, आई मैत्रिणींबरोबर बागेत गेलीय, यायला उशीर होईल. मैत्रिणी हा शब्द तुझ्या बाबतीत मी पहिल्यांदा ऐकला. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मागच्या वेळी तू हसलीस आणि म्हणालीस, मोटारीचं मला काय विचारता. म्हणून माझं मीच ठरवलं. पंखे आलेत. तीन पात्यांचे आहेत, काळे, हाताला चिवट लागतात. मोटारी मागवायच्या म्हटलं तर येळवशीपर्यंत येत नाहीत, आणि येळवस तर आठवड्यावर आली. तर सध्या जुन्या मोटारींवरच नवे पंखे लावतो. मोनिकाला विचारलं तर ती नको म्हणाली. तरण्या पोरी जरा जास्तच भितात. गच्चीवर उडवून पाहिला, चांगला जोर धरतो. उतरल्यावर मोटारी हाताला चटका देत होत्या, पण उन्हानंही तापल्या असतील.

तुला रान दाखवायचंच आहे. तू दोन वर्षं येळवस बघितली नाहीस.

वीरभद्र

येडशी, ३ जानेवारी २०२५

सौ. गिरिजाबाई यांस शरणू शरणार्थ.

हे पत्र मोनिकाच्या हातचं आहे. माझा चष्मा फुटलाय, नवा यायला वेळ लागेल. मी सांगतोय आणि ती लिहितेय, त्यामुळं कामापुरतंच सांगतो.

येळवस चांगली झाली. बंडप्पानं कोपी मोठी केली होती, कडबा यंदा उंच आहे. फिल्म पाठवलीय, ती मधेच तुटते. कोपीवरून ड्रोन विहिरीकडं वळवला तेव्हा वाऱ्याचा झोत आला, एक मोटार बंद पडली आणि ड्रोन खाली हरभऱ्यात गेला. मोटार जळाली होती. मोनिकानं आधीच सांगितलं होतं. (हे वाक्य तिनं घालायला लावलं.)

बाकी कुणाला काही झालं नाही. इथं मोनिका पेन थांबवून माझ्याकडं बघतेय, पण लिहील.

मल्लम्मा रोज दोन वेळचा डबा पाठवते. का पाठवते ते विचारू नको, तिची हौस आहे. शेंगाच्या पोळ्या तुझ्यासारख्या होत नाहीत, पण हे तिला कळवू नको.

आणखीही लिहायचं होतं. ते चष्मा आल्यावर लिहीन.

वीरभद्र

येडशी, १९ जानेवारी २०२५

गिरिजा, शरणू.

अक्षर बघून हसू नको. थंडीनं बोटं आखडतात.

तू म्हणालीस, रान दिसलं, कोपी दिसली, मल्लम्मा दिसली, बंडप्पाचा नवा बैल दिसला, तुम्ही तेवढे कुठंच दिसला नाहीत. अगं, उडवणारा माणूस कसा दिसणार? रिमोट सोडून कॅमेऱ्यापुढं जाता येत नाही. पुढच्या वेळी दिसा म्हणालीस. दिसेन. पण या जुन्या मोटारींचा भरवसा नाही. नव्या आल्या, वाऱ्यात ड्रोन एका जागी थांबायला लागला, की मोनिकाला उडवायला सांगून मी अंगणात उभा राहतो. तोवर दम धर.

मोटारींचं मात्र अजून ठरत नाही. मोनिकानं सगळं समजावून सांगितलं. मोठ्या मोटारी घातल्या की वजन वाढतं, त्या बॅटरीही जास्त पितात. आत्ता हा नऊ-दहा मिनिटं वर राहतो, मग सहाच मिनिटं राहील. म्हणजे जोर वाढतो आणि वेळ घटतो. शिवाय मोटारींना वीज वाटून देणारी पाटी आहे, तीही बदलावी लागेल. एवढं सगळं बदलल्यावर अमरनाथरावांनी दिलेलं त्यात काय राहिलं, फक्त सांगाडा. कधी वाटतं आहे तसा राहू द्यावा, सकाळी वारा नसताना उडवावा आणि खाली घ्यावा. कधी वाटतं, तुला दुपारचं रान बघायचं असतं, सकाळचं नाही. दुपारी ज्वारी हलते ती तुला आवडते.

काल सकाळी मोनिकानं जळालेली मोटार तेवढी बदलली, जुने पंखे पुन्हा चढवले आणि घरावरून एक फेरी मारली. फिल्म पाठवतोय. मी त्यात नाही, खाली कामात होतो.

एक गंमत सांगतो. परवा हॉटेलवाला चहात साखर घालत होता, तर माझ्या तोंडून 'पुरे'च्या जागी 'साकु, साकु' निघालं. तो बघतच राहिला. मला हसू आलं. तू असताना मी कधी कानडी बोललो नाही. तू बोलायचीस आणि मी मराठीत उत्तर द्यायचो. आता ऐकायला कुणी नाही, तर आपोआप तोंडात येतं.

कडीपत्त्याचं झाड जगलंय. वरच्या फेरीत दिसेल बघ.

वीरभद्र

येडशी, २ फेब्रुवारी २०२५

गिरिजा,

सकाळी तुझा फोन आला तो बागेतून होता, कुणा मैत्रिणीचा मोबाईल घेऊन केलेला. स्पीकर नव्हता, मागं कुणी नव्हतं. किती दिवसांनी तुझा नुसता आवाज ऐकला. आणि तू पहिलंच विचारलंस, "पाण्याच्या टाकीमागं कोण उभं होतं?"

मी म्हणालो, कुणी नाही.

"सावली पडली होती गच्चीवर. तीनदा बघितली मी. सावलीला एकच हात होता."

मग तू कानडीत बोलायला लागलीस. तू कानडीत बोलायला लागलीस की माझं काही चालत नाही, हे तुला लग्नापासून माहीत आहे. एवढं सगळं झालं आणि शेवटी तूच फोन ठेवलास.

तर आता लिहितो. येळवशीला ड्रोन पडायला लागला तेव्हा मी वर बघतच पळत सुटलो. पुढं बांध होता. त्यावरून पडलो आणि उजवा हात अंगाखाली आला. मनगट मोडलं. बंडप्पानं धाराशिवला नेलं, प्लास्टर घातलं, हात गळ्यात बांधून दिला. चष्मा फुटला नव्हता. हात चालत नव्हता म्हणून मोनिकाच्या हातनं लिहून घेतलं. मागचं पत्र डाव्या हातानं लिहिलं आणि हेही तसंच लिहितोय. मल्लम्माचा डबाही त्यासाठीच येतो. मोनिकाला मीच शपथ घातली होती. ती माझ्यावर रागावलेलीच आहे, तू आणखी तिच्यावर रागावू नको. सावलीचं मात्र ना तिच्या ध्यानात आलं ना माझ्या.

का लपवलं विचारलंस. तुला कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असतीस. आलीही असतीस, मला भरवलं असतंस, हात बरा झाला की परत गेली असतीस. किंवा गेली नसतीस, आणि मनातून तिकडंच राहिली असतीस. मला तू प्लास्टरसाठी आलेली नको आहेस. आठवडाभरात ते निघेल. डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं जुळलंय. तेव्हा येऊ नको. काळजीचं काही कारण नाही.

मोटारींचं तेवढं राहिलं. काय करू ते सांग.

वीरभद्र

बेंगळुरू, ९ फेब्रुवारी २०२५

शरणू शरणार्थी.

मराठी लिहा-वाचायला मी शिकले न्हाई, तुम्हाला ठावं हाय. म्हणून कानडी अक्षरात लिहितेय, बोली आपलीच हाय. तुम्हाला सावकाश वाचावं लागंल. वाचा सावकाश. कुठं घाई हाय?

हात मोडला त्याचा राग न्हाई. माणूस हाय, पडतं. चष्मा फुटला म्हणालात त्याचा राग हाय. मी इथं शिवप्रियाला सांगत बसले, बाबांचा चष्मा फुटलाय, नवा करून पाठवू का म्हणून. पोरीनं दुकान बी बघून ठेवलं होतं.

आता माझं ऐका. मी बी तुम्हाला सगळं सांगितलेलं न्हाई. मला इथं बरं वाटतंय. सकाळी बागेत आमी सहा-सात बाया फिरतो. सगळ्या कानडी बोलतात, एक तर माझ्या माहेराजवळची, आळंदकडचीच हाय. सोमवारी मठात वचनं म्हणायला बसतो. तिथं मला पुढं बसवतात, माझा आवाज चांगला हाय म्हणतात. येडशीला आले त्या दिवसापासून मी स्टेशनवाल्या वीरभद्रची बायको, मग शिवप्रियाची आई. इथं सगळ्या मला गिरिजा म्हणतात. एवढंच हाय, पण लई गोड लागतं. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. फोनवर तुम्ही 'बरंय' म्हणायचा, मी बी 'बरंय' म्हणायची.

ज्याला सांभाळायला आले तो चिन्नू आता शाळेला जातोय. दुपारी घरात मी आन् भिंती. इथलं माझं काम सरलंय हे मला कळतंय. शिवप्रिया काय बोलत न्हाई, गुणाची हाय, पण मला कळतंय. तरी बसलेय. का बसलेय सांगू? तुमची आधीची चारी पत्रं मी पुन्हा काढून वाचून घेतली. शिवप्रियाकडून न्हाई, आळंदवालीला मराठी येतंय, तिच्याकडून. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "गिरिजा, तुझ्या नवऱ्याला ड्रोनचं लई वेड हाय." मी हसले. मला ठावं हाय त्याला कशाचं वेड हाय. पण तिला पत्रात ते दिसलं न्हाई, आन् तिचं काय चुकलं? पत्रात मोटारी हायत, पंखे हायत, वारा हाय. 'ये' कुठं न्हाई. 'मी येतो' बी न्हाई. पाचव्यात एकदाचं आलंय, तर 'येऊ नको'.

प्लास्टरसाठी येऊ नको म्हणता. बरं, न्हाई येत. मग कशासाठी येऊ, ते लिहाल का न्हाई?

मोटारीचं विचारलंत. मला त्यातलं काय कळतंय? पण त्या मोनिकाला तुमच्यापेक्षा जास्त कळतंय, तिचं ऐका. बदलायचं तर दोन्ही बदला, न्हाईतर दोन्ही राहू द्या. तुमचं सगळंच अर्धं असतं. न्हाणीत फरशी बसवली, दार बसवायचं राहिलं, मी चार वर्षं पडदा लावून आंघोळ केली. बोलताना बी तसंच. अर्धं बोलता, अर्धं गिळता, आन् गिळलेलं मी वळखून घ्यायचं. आजवर घेतलं. आता मला वळखायचा कंटाळा आलाय.

एकदा सगळं लिहा. मग मी बघते.

हाताला तीळतेल कोमट करून लावा. रगडू नका.

गिरिजा

येडशी, १८ फेब्रुवारी २०२५

गिरिजा,

तुझं पत्र ओळीखाली बोट धरून वाचलं. कानडी अक्षरं तूच शिकवली होतीस, क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा, पाटीवर. निम्मी विसरलो होतो. 'गिरिजा' मात्र लगेच वाचता आलं.

हे पत्र उजव्या हातानं लिहितोय. प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय आणि मूठ अजून पुरती वळत नाही, म्हणून सावकाश चाललंय.

आधी मोटारींचं सांगतो म्हणजे ते संपेल. दोन्ही बदलले. मोटारी, पंखे आणि ती वीज वाटणारी पाटी, सगळं मोनिकानं बसवलं, वजनाचे नियमही तिनंच बघितले. काल दुपारी वारा चांगला सुटला होता तेव्हा आम्ही बंडप्पाच्या रानात गेलो. ज्वारी काढणीला आलीय. मोनिकानं वर सोडला आणि विहिरीवर धरला. वारा त्याला ढकलत होता, आवाजही बदललेला, पण तो जागचा हलला नाही. सहा मिनिटं पुरी झाली नाहीत तोच खाली घ्यावा लागला. तेवढ्यात तिनं माझी फिल्म घेतली. बांधावर उभा आहे, दोन्ही हात मोकळे, तोंड वर. ती म्हणाली, काकूंना पाठवू का? मी नको म्हणालो. तिला नवल वाटलं. एवढा खटाटोप त्याच्यासाठीच तर केला होता. पण ती फिल्म बघताना मला कळलं, त्यात एक म्हातारा आभाळाकडं बघत उभा आहे आणि तू आहेस तिकडं त्याची नजरच नाही.

आता सगळं लिहितो.

मला तुझी आठवण येते. सकाळपासून येते. संध्याकाळी लातूरकडची गाडी जाते तेव्हा जास्त येते, कारण त्या वेळी तू दार उघडं ठेवून बसायचीस आणि मी ड्यूटीवरून यायचो. सोलापूरला तुला गाडीत बसवलं तेव्हा मी 'जपून जा' म्हणालो आणि खाली उतरलो. मला म्हणायचं होतं, लवकर ये. गाडी हलेपर्यंत वेळ होता. नाही म्हणालो. पुढं वाटलं, आता म्हणून काय उपयोग, तिला तिकडं करमतंय.

मठात तुला पुढं बसवतात हे वाचून मला वाईट वाटलं नाही. हे अर्ध्यावर सोडत नाही, पुरतं सांगतो. पहिल्यांदा थोडं वाटलं. तुझा आवाज चांगला आहे हे मला माहीत होतं आणि मी कधी म्हणालो नव्हतो, आणि कुणा परक्यांनी ते आधी म्हटलं, म्हणून वाटलं. मग पत्र पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, मला ते ऐकायचंय. तू पुढं बसून म्हणतेयस आणि मी मागं पुरुषांत बसलोय, असं.

मला तू हवी आहेस. येडशीलाच हवी असं नाही. कुठंही चालेल.

कशासाठी येऊ म्हणून विचारलंस. त्याचं उत्तर हे आहे. पण 'ये' लिहायला पेन टेकवलं आणि वाटलं, दर वेळी तूच का यायचं? इतक्या वर्षांत तू आळंदहून इथं आलीस, इथून तिकडं गेलीस, आता पुन्हा तूच बोचकं बांधायचं? माझ्याकडं रेल्वेचा पास पडून आहे. निवृत्त झालो तेव्हापासून एकदाही वापरला नाही.

म्हणून मीच येतोय. किल्ली मल्लम्माकडं दिलीय, कडीपत्त्याला पाणी ती घालेल. ड्रोन मोनिकाकडं ठेवलाय, तिच्या गटातल्या नव्या बायकांना हात बसवायला होईल. रविवारी सोलापूरला दुपारची गाडी धरतो. बुधवारी शिवरात्र आहे, उपवास एकत्र सोडू. मग तुझ्या बागेत बसून दोघं ठरवू, इथं किती राहायचं आणि तिथं किती. तू म्हणशील ते मी मान्य करीन असं लिहिणार नाही, भांडीनही. पण समोर बसून भांडीन.

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतोय, माझ्या आधी पोचेल. शिवप्रियाला सांगितलंस तरी चालेल. सोमवारी सकाळी बेल वाजली की जावईबापू उठायला लागतील. त्यांना उठू देऊ नको.

दार तू उघड.

वीरभद्र